चहा न घेणारे जज्जसाहेब

कुणी नेमलं नाही, कुणी पगार दिला नाही आणि कुणाच्या बापाची काढून टाकायची हिंमत झाली नाही, असा न्यायाधीश साऱ्या आखातात एकच झाला आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. हे मी कौतुकानं सांगतोय की तक्रारीनं, ते माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. दुबईच्या देरा भागातली कोकणी माणसं त्यांना ‘जज्जसाहेब’ म्हणत, इराणी चहावाला ‘काझी’ म्हणे, आणि आम्ही घरचे नुसतं ‘मामू’ म्हणत असू. अंगात काळा कोट. साठ-बासष्टची दुबई म्हणजे काय चीज होती, हे आज सांगून पटायचं नाही. रस्ते वाळूचे, पाणी गाढवावरून यायचं, आणि जून महिन्यात कोंबड्यासुद्धा सावली सोडून हलत नसत. अशा उन्हात हा गृहस्थ गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट घालून बाजारातून चालायचा. एकदा मी म्हटलं, “मामू, कोट काढा, भाजून निघाल.” तर म्हणाले, “जावय, कोट काढला की माणूस दिसतो. माणसाचं कोण ऐकतं?”

आता जज्ज व्हायची सरळ वाट सगळ्यांना ठाऊक आहे. माणूस कॉलेजात जातो, वकील होतो, डोक्यावरचे केस पांढरे करून घेतो आणि मग कधीतरी सरकारला त्याची दया येते. मामूंनी वाट पकडली ती रत्नागिरीच्या कोर्टाच्या दारापासून. तिथं ते पट्टेवाले होते. पक्षकारांच्या नावाचा पुकारा करायचा हे त्यांचं काम. आवाज असा की कोर्टाच्या आवारात नाव पुकारलं तर बंदरावरचा माणूस टोपी सावरत उठायचा. पण मामू हे असं कधी सांगायचे नाहीत. “मी कोर्टात होतो,” एवढंच म्हणायचे आणि गप्प बसायचे. ऐकणारा आपोआप त्यांना खुर्चीवर नेऊन बसवायचा. मी एकदा खोचकपणे विचारलं, “कोर्टात म्हणजे नेमकं कुठं, मामू?” तेव्हा जराही न बिचकता म्हणाले, “जिथून खटला सुरू होतो तिथं. पुकारा झाल्याशिवाय जज्जाला तोंड उघडता येतं का?”

पुढं बोटीनं दुबईला आले. परदेशी लोकांचे तंटे सोडवायला तेव्हा गोऱ्या साहेबाचं छोटंसं कोर्ट भरायचं, तिथं मामू दुभाषे म्हणून चिकटले. मराठी, उर्दू, कोकणी, कोर्टात कानावर पडलेली इंग्रजी आणि बाजारात उचललेली अरबी, सगळं त्यांच्या जिभेवर होतं. कमतरता एकच, समोरचा बोलला तेवढंच सांगायचं आणि गप्प बसायचं, हे त्यांना जमेना. साहेब म्हणायचा, “याला विचार, यानं मारलं का?” मामू त्या माणसाला कोकणीतून विचारायचे. नुसतं ‘मारलं का’ एवढंच नाही. कुणाचा मुलगा, कुठल्या मोहल्ल्यातला, आईला काय तोंड दाखवशील, सगळं. तो बिचारा हमसाहमशी रडायला लागायचा. मग मामू साहेबाकडं वळून सांगायचे, “साहेब, मारलं म्हणतो, पण फार नाही, आणि आता पुन्हा मारणार नाही. सोडून द्या.” असं बरेच दिवस चाललं. शेवटी एकदा साहेबानं चष्मा काढून विचारलं, “या कोर्टात जज्ज कोण आहे?” मामू अदबीनं म्हणाले, “आज तरी आपणच, सर.” त्या ‘आज तरी’वर त्यांची दुभाषेगिरी खलास झाली. साहेब वाईट नव्हता म्हणतात. निरोप देताना हातात हात दिला आणि म्हणाला, तू चुकीच्या खुर्चीशेजारी उभा राहिलास. मामू हे वाक्य सर्टिफिकिटासारखं सांगायचे.

मग त्यांनी स्वतःचीच खुर्ची केली. एक जुनी बोट मोडीत निघाली होती, तिच्यातली उंच पाठीची लाकडी खुर्ची त्यांनी मिळवली आणि खाडीजवळ, अब्रा म्हणजे पलीकडं नेणाऱ्या होड्या लागतात तिथल्या इराण्याच्या हॉटेलाबाहेर नेऊन ठेवली. दिवसा एका कापडवाल्याच्या पेढीवर मदतनीस, आणि असरच्या, म्हणजे दुपार कलतीच्या नमाजानंतर जज्ज. आपल्या लोकांची भांडणं तेव्हा काही कमी नव्हती. एका खोलीत दहा-बारा माणसं राहायची, सगळी बायकामुलं गावाला सोडून आलेली, डोकी तापलेली. कुणी कुणाची लुंगी नेसली, कुणी कुणाच्या डब्यातला सुका बोंबील खाल्ला, असल्या गोष्टींवरून माणसं एकमेकांच्या उरावर बसत. ती सगळी मामूंसमोर येऊन उभी राहायची. आणि आता पट्टेवाला नव्हता, तेव्हा मामू काय करायचे? खुर्चीवरून उठायचे, चार पावलं पुढं जायचे, समोर हातभर अंतरावर उभ्या असलेल्या दोघांच्या नावाचा खणखणीत पुकारा करायचे, परत येऊन खुर्चीवर बसायचे आणि जणू त्या दोघांना पहिल्यांदाच बघतोय अशा नजरेनं विचारायचे, “हां, काय मॅटर आहे?”

एकदा महाडचा एक शिंपी आणि खेडचा एक आचारी यांच्यात गच्चीतल्या कोपऱ्यावरून जुंपली. उन्हाळ्यात सगळे गच्चीवर झोपायचे आणि समुद्राचा वारा त्या एकाच कोपऱ्यात यायचा. मामू म्हणाले, जागेची पाहणी केल्याशिवाय निकाल देता येत नाही. पथारी घेऊन गच्चीवर गेले आणि त्या कोपऱ्यात आडवे झाले. ती पाहणी उन्हाळा संपेपर्यंत चालली. हवा गार झाली, सगळे खोलीत झोपायला लागले आणि मामूंनी निकाल दिला की आता वादाला कारणच उरलेलं नाही. शिंपी आणि आचारी तोपर्यंत मामूंच्या घोरण्याविरुद्ध एक होऊन जिवाभावाचे दोस्त झाले होते. मी हसलो तर मामू म्हणाले, “हसतोस काय? वारा कुणा पक्षकाराच्या घरचा नव्हता.”

हे घरचं-बिनघरचं प्रकरण म्हणजे मामूंचा खरा विक्षिप्तपणा. त्यांचा एक नियम होता, आणि त्या नियमानं आमचा जीव मेटाकुटीला आणला होता. ज्याचा मॅटर आपल्यासमोर पेंडिंग आहे त्याच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. ऐकायला फार छान. पण देऱ्यात असा एक कोकणी माणूस नव्हता ज्याचा काही ना काही मॅटर मामूंसमोर पेंडिंग नव्हता! कारण मामूंना निकाल द्यायची घाई कधीच नसायची. “पुढची तारीख,” हे त्यांचे लाडके शब्द. परिणाम असा की आपल्या माणसांनी गजबजलेल्या गावात या माणसाला कुठं घोटभर चहा मिळायचा नाही. एकदा एका दुकानाच्या तंट्यासाठी शेजारच्या अजमान गावापर्यंत गेले, किनाऱ्याच्या वाळूतून, लॉरीच्या टपावर बसून. त्या लोकांनी बकरा कापला होता. मामूंनी खिशातून बिस्किटं काढली, ती खाल्ली, दोन्ही बाजू ऐकल्या, पुढची तारीख दिली आणि अर्धपोटी परत आले. रमजानात रोजा सोडायला आमच्याकडं यायचे, पण दस्तरखानावर बसून स्वतःच्या कोटातून स्वतःची खजूर काढायचे आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायचे. समोर माझ्या बायकोनं तळलेले समोसे वाफाळत असायचे. त्यांच्याकडं बघायचेसुद्धा नाहीत. बघायचे नाहीत म्हणजे, अशा निग्रहानं बघायचे नाहीत की पाहणाऱ्याला घास उतरू नये.

ईदच्या दिवशी मात्र त्यांनी तोड काढली होती. पहाटे उठून स्वतः शिरखुर्मा रांधायचे, मोठं पातेलं घेऊन इराण्याच्या दारात बसायचे आणि यच्चयावत पक्षकारांना बोलावून वाटीवाटी खाऊ घालायचे. मी म्हटलं, “हे चालतं वाटतं?” म्हणाले, “जज्जानं पक्षकाराचं खाऊ नये. पक्षकारानं जज्जाचं खाऊ नये असं कुठल्या कायद्यात आहे ते दाखव.” शिरखुर्मा दरवर्षी बुडाला लागलेला असायचा. पण सगळे मुकाट्यानं खायचे, आणि मला वाटतं आपापलं घर आठवून डोळेही पुसायचे.

आता तुम्ही विचाराल, जावयाच्या घरचा चहा घ्यायला काय हरकत होती? तर आमचाही मॅटर पेंडिंग होता! माझं लग्न गावाला झालं आणि काही दिवसांनी हलीमा, म्हणजे माझी बायको, बोटीनं दुबईला आली. तिचे आईवडील लहानपणीच गेलेले, मामूंनीच तिला वाढवलेलं, तेव्हा तिला उतरवून घ्यायला मामू धक्क्यावर हजर. भाचीला बघून त्यांचा चेहरा असा फुलला की मी त्यांना तसं पुन्हा कधी बघितलं नाही. आणि नेमका तिथंच घोटाळा झाला. त्यांनी लाडानं विचारलं, “काय बेटा, खुश ना?” हलीमानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, झाड नाही, झुडूप नाही, नुसती वाळू आणि झावळ्यांची घरं. ती भोकांड पसरून रडायला लागली. “मामू, मला इथं नाही राहायचं. मला परत गावाला पाठवा.” मी म्हटलं, “रुळेल हळूहळू, इथंच राहायचंय आपल्याला.” झालं! मामूंचा हात वर गेला. चेहऱ्यावरचं हसू विरलं आणि कोट ताठ झाला. “दोन बाजू झाल्या,” ते म्हणाले. “मॅटर दाखल करून घेतला आहे. निकाल लागेपर्यंत तुमच्या घरचं पाणी मला चालणार नाही.”

आम्हाला वाटलं गंमत करतायत. गंमत कसली डोंबलाची! तेव्हापासून मामू रोज आमच्याकडं यायचे, तासन्‌तास बसायचे, पण कपाला हात लावायचे नाहीत. हलीमाचा चहा म्हणजे काय सांगू, आलं घातलेला, दाट, गूळ-साखर जमून आलेला. ती रोज एक कप त्यांच्यापुढं ठेवायची. मामू रोज म्हणायचे, “मॅटर पेंडिंग आहे, बेटा.” रोज तो कप गार व्हायचा आणि मी प्यायचो. “अहो, मग निकाल द्या ना एकदाचा!” ती चिडून म्हणायची. “गावाला जा म्हणा नाहीतर राहा म्हणा. मी कुठलाही मानीन. पण माझ्या हातचं खा काहीतरी.” मामू खिडकीबाहेर बघत म्हणायचे, “पुढची तारीख.” मुलं झाली, मोठी झाली, शाळेत इंग्रजी बोलायला लागली, तरी आमची तारीख पुढंच. आई नसलेल्या मुलीला आपल्या माणसाला दोन घास करून घालावेसे वाटतात, हे त्या न्यायाच्या पुतळ्याला कसं कळत नाही, म्हणून मी मनातून त्यांच्यावर जळफळायचो.

अशात एक बातमी आली. बाजारातले मोठे व्यापारी आपसातले तंटे पंचांच्या बैठकीत सोडवायचे. त्या बैठकीत आता हिंदुस्थानी लोकांसाठी एक माणूस घ्यायचं चाललंय आणि त्यासाठी जज्जसाहेबांचं नाव निघालंय. खरी बैठक, खरे पंच, खरी खुर्ची! मामूंनी वरवर काही दाखवलं नाही, पण कोट धुतला. कोट धुतलेला मी पहिल्यांदाच बघितला. त्याचा रंग काळा नसून हिरवट आहे हे तेव्हा कळलं. मग आमच्या आरशासमोर बसून दाढीवरून हात फिरवत विचारायचे, “पंच बोलण्याआधी किती वेळ गप्प बसतात रे?” जन्मभर ज्या दाराशी उभं राहून दुसऱ्यांची नावं पुकारली, त्या दाराच्या आत कुणीतरी आपलं नाव पुकारणार, म्हणून तो माणूस लहान पोरासारखा हरखला होता. माणूस घ्यायचा की नाही हे होतं अबू जुमाच्या हातात. अबू जुमा म्हणजे खाडीपलीकडचा बडा व्यापारी, स्वतःचं घर, घरावर वारा आत ओढून घेणारा बुरूज, दारासमोर स्वतःचा धक्का.

पण त्याच सुमाराला दाऊद तांडेल मामूंकडं आला होता. दाऊद दाभोळकडचा, स्वतःच्या लाँचमधून कोकणातून कौलं घेऊन आलेला. खाडीत शिरताना पाण्याच्या ओढीनं लाँच गेली ती थेट अबू जुमाच्या नव्याकोऱ्या धक्क्यावर, आणि धक्क्याचे खांब मोडले. अबू जुमाच्या मुनशीनं लाँच तिथंच बांधून ठेवली. धक्का दुरुस्त होईपर्यंत लाँच हलायची नाही, आणि दुरुस्तीचं लाकूड मलबारातून यायचं, ते येता येत नव्हतं. मे महिना संपत आला होता. पाऊस लागला की दर्या बंद, मग नारळी पुनवेपर्यंत घर दिसायचं नाही. आणि दाऊदच्या मुलीचा निकाह पावसाआधी ठरलेला. त्या मुलीला आई नव्हती. बापही पोचला नाही तर ती कुणाच्या गळ्यात पडून रडणार?

“मामू, तुम्ही अबू जुमाकडं जाणारच आहात,” दाऊद हात जोडून म्हणाला. “माझ्यासाठी दोन शब्द टाका.”

मामूंच्या कपाळाला आठी पडली. “दाऊद, मी जज्ज आहे. शब्द टाकणं वकिलाचं काम. तुझा मॅटर मी दाखल करून घेतलाय. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय माझं तोंड उघडणार नाही.”

“अहो, दुसरी बाजू अबू जुमाची! तो काय तुमच्या इराण्याच्या हॉटेलात येऊन उभा राहणार आहे?”

“कायद्यापुढं सगळे सारखे,” मामू म्हणाले. दाऊद उठला आणि आपल्या लाँचवर जाऊन बसला. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, “मामू, ही कसली न्यायबुद्धी? माणसाची पोर तिकडं वाट बघतेय!” मामूंनी कोटाचं एक बटण उगाचच काढून परत लावलं.

दुसऱ्या दिवशी अबू जुमाचं बोलावणं आलं. मी एका जहाज कंपनीच्या ऑफिसात होतो, अबू जुमाचा माल आमच्याकडूनच यायचा, म्हणून मामूंनी मलाही बरोबर घेतलं. होडीतून आम्ही पलीकडं गेलो. मजलिस भरलेली होती. गालिचे, लोड, भिंतीला टेकून बसलेले दाढीवाले व्यापारी. आमचं स्वागत झालं, ख्यालीखुशाली झाली. ही ख्यालीखुशाली तिकडं इतका वेळ चालते की माणूस आजारी असेल तर तेवढ्यात बराही व्हावा. मग कॉफी आली. नोकरानं पितळी किटलीतून छोट्याशा कपात ओतली आणि मामूंच्या हातात दिली. मामूंनी कप घेतला, अदबीनं डोकं हलवलं आणि कप समोर गालिच्यावर ठेवून दिला.

मला लगेच कळलं काय झालंय ते! दाऊदचा मॅटर पेंडिंग, अबू जुमा दुसरी बाजू, म्हणून या घरची कॉफी चालत नाही. इकडं मामूंचा नियम, तिकडं मजलिसीची रीत! सगळे त्या कपाकडं बघायला लागले. अबू जुमानं बोलणं थांबवलं, सावरून बसला, आणि सावकाश, मोठ्या मायेनं म्हणाला, “पी, हबीबी. तू जे काम घेऊन आलास ते झालं असं समज.”

मामूंना काही उमगेना. उमगणार कसं? इतकी वर्षं इथं काढली, पण कुणाच्या घरी कॉफी घेतली असेल तर ना! मी त्यांच्या कानाशी लागलो. “मामू, इथली रीत आहे. पाहुण्यानं कप खाली ठेवला म्हणजे त्याला यजमानाकडं काहीतरी मागायचंय. आणि यजमान ‘पी’ म्हणाला म्हणजे मागणं कबूल. आता तुम्ही तोंडातून काढाल ते मिळणार. मोडायची नाही ही रीत, काही झालं तरी.”

अबू जुमा हसून म्हणाला, “सांग ना. मला ठाऊक आहे तुझ्या मनात काय आहे.” सगळ्यांनाच ठाऊक होतं. पंचाची जागा तिथं, त्या गालिच्यावर, कपाशेजारी ठेवल्यासारखी होती. एक वाक्य बोलायचा अवकाश. मामूंची नजर खिडकीकडं गेली. खिडकीतून धक्का दिसत होता आणि दाऊदच्या लाँचची डोलकाठी दिसत होती.

“जावय,” ते अगदी हळू म्हणाले, “एकाच्या बाजूनं मागणारा माणूस जज्ज राहत नाही, होय ना?”

मी होकाराची मान हलवली.

मामू उभे राहिले. कोट ओढून सारखा केला. आणि एकाएकी छाती भरून त्यांनी पुकारा केला, “दाऊद तांडेऽऽल, हाजिर होऽऽ!” रत्नागिरीच्या कोर्टातला तो जुना आवाज! मजलिस दचकली, नोकराच्या हातातली किटली हिंदकळली, बुरुजातली कबुतरं उडाली. आणि बाहेर धक्क्यावरून दाऊद खरोखर धावत येऊन दारात उभा राहिला, डोक्याचं फडकं सावरत. मामू अबू जुमाकडं वळले आणि आपल्या मोडक्यातोडक्या बाजारी अरबीत म्हणाले, “या माणसाला जाऊ द्या. लाँचसकट. त्याच्या मुलीचा निकाह आहे. धक्का त्याच्या हातून मोडला, मी नाही म्हणत नाही. पाऊस सरला की तो येईल आणि खांब स्वतः उभे करील. मी त्याच्यासाठी मागतोय.”

अबू जुमानं विचारलं, “बस? एवढंच? मला वाटलं, तू बैठकीतली जागा मागशील. ती तर मी देणारच होतो.”

“आता ती मला चालणार नाही,” मामू म्हणाले. “मी एका बाजूनं बोललो. आणि आता तुमच्या घरची कॉफी पिणार. तुमच्या घरचं प्यालेला माणूस तुमचा न्याय काय करणार?”

व्यापारी एकमेकांकडं बघायला लागले. अबू जुमानं खूप समजावलं. अहो, इथं सगळेच एकमेकांच्या घरची कॉफी पितात, तरी बैठक चालतेच की. मामूंनी नाही म्हणून मान हलवली ती हलवली. मग खाली बसले आणि कप उचलून एका घोटात प्यायले. नोकरानं पुन्हा भरला. पुन्हा प्यायले. तिकडं ‘पुरे’ म्हणायला कप हातात जरासा हलवायचा असतो, हेही त्यांना कुठं ठाऊक! नोकर ओततोय आणि हे पितायत, ओततोय आणि पितायत; नाही म्हणावं तर यजमानाचा अपमान. शेवटी मी त्यांचं मनगट धरून हलवलं तेव्हा ती कॉफी थांबली. सगळी मजलिस हसली. मामूही हसले, पण डोळ्यांत पाणी होतं. कॉफी कडू होती म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामू आमच्याकडं आले, ते कोटाशिवाय. पांढरा सदरा घातलेला, बारीकसा म्हातारा माणूस. क्षणभर मी ओळखलंच नाही. दारातूनच म्हणाले, “हलीमा, चहा टाक बेटा.”

हलीमा आतून धावत आली. तिला आधी कळेना, मग एकदम कळलं आणि ती चुलीशी बसून रडायलाच लागली. इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी ती झुरली, ती गोष्ट अशी यावी! मामू चहा घेतात म्हणजे जज्जसाहेब संपले. तिनं दोन-दोनदा आलं घातलं. मामूंनी बशीत ओतून फुरफुरत चहा प्यायला आणि म्हणाले, “अजून आहे?” मग समोसे झाले, मग रोटी, मग काल रात्रीचं मासळीचं सार. तो माणूस खात होता आणि ती वाढत होती, आणि दोघंही एकमेकांकडं बघत नव्हती.

दाऊद त्यांना निकाहाला घेऊन चालला होता, त्याच लाँचमधून. तो ऐकेचना, म्हणाला, मुलीकडचं वडीलधारं माणूस म्हणून तुम्हीच बसायचं. निघताना हलीमानं विचारलं, “मामू, आणि आमचा मॅटर?”

मामू दाराच्या चौकटीला धरून थांबले. “त्याचा निकाल मला कधीच देता आला नसता, बेटा. तू जा म्हणावं तर इथं माझं दुसरं कोण होतं? आणि तू राहा म्हणावं तर माझ्यासाठी म्हटल्यासारखं झालं असतं. ज्यात आपला स्वार्थ आहे तो मॅटर जज्जानं घेऊच नये. मी घेतला. ही माझी एकच चूक. म्हणून तारखा देत राहिलो.” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “खुर्ची तुझ्याकडं पाठवलीय. कुणाला देऊ नकोस.” लाँच सुटली तेव्हा आम्ही धक्क्यावर होतो. हलीमानं हात हलवला, आणि तिकडून तो आवाज आला, मोठा, खाडीभर, तिच्या नावाचा पुकारा. नुसतं नाव. पुढं काही नाही.

मामू परत आले नाहीत. दाऊद पाऊस सरल्यावर आला, खांब उभे करून गेला. पुढं गावाहून आलेल्या एका माणसानं सांगितलं की मामू झोपेतच गेले, आणि शेवटपर्यंत गावात कुणाकडंही चहाला नाही म्हणाले नाहीत. इकडं अमिरातींचं एक राष्ट्र झालं, मोठमोठी कोर्टं आली, दूरदूरच्या देशांतून शिकलेले जज्ज आले. एका मालाच्या प्रकरणात मला साक्षीला जावं लागलं. जज्ज भला माणूस दिसत होता, त्याच्या टेबलावर चहाचा ग्लास होता आणि तो मधूनमधून घोट घेत होता. आत जाण्याआधी शिपायानं माझं नाव पुकारलं, अगदी मिळमिळीत आवाजात. मी दोन वेळा ऐकूनही उठलो नाही. मला वाटलं, पुकारा अजून व्हायचाय.

ती खुर्ची आमच्या हॉलमध्ये आहे. मुलं म्हणतात, “अब्बा, इट्स सो ओल्ड, थ्रो इट.” मी टाकत नाही. आम्ही अजून इथंच आहोत. दरवर्षी मे महिन्यात हलीमा चहा घेऊन माझ्यासमोर बसते आणि विचारते, “काय हो, गावाला कधी परतायचं आपण?” मी खुर्चीकडं बघतो. तीही बघते.

“पुढची तारीख,” मी म्हणतो.

ती हसते, पदरानं डोळे पुसते आणि माझ्या कपात अजून थोडा चहा ओतते.